वायूच्या छत्राखाली वेल्डिंग : ‘मिग’ पद्धतीची तोंडओळख

१. सांधा म्हणजे काय?

लोखंडाचे दोन तुकडे जोडण्याचे उपाय अनेक आहेत. रिव्हेट मारून किंवा बोल्ट आवळून ते एकमेकांस बांधून ठेवता येतात. कथील व शिसे यांच्या मिश्रणाने पातळ पत्रे झाळून चिकटविताही येतात. या सर्व प्रकारांत दोन्ही तुकडे अखेरपर्यंत दोनच राहतात. वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळतात, त्यांचा रस एकमेकांत मिसळतो आणि तो थिजला म्हणजे सांध्याच्या जागी एकसंध धातू तयार होतो. लोहार दोन तापलेले तुकडे ऐरणीवर ठेवून घणाच्या घावांनी एकजीव करतो, तेही एक प्रकारचे वेल्डिंगच होय. परंतु तेथे धातू वितळत नाही, केवळ मऊ होतो. प्रस्तुत पुस्तिकेत विचार करावयाचा आहे तो धातू वितळवून केलेल्या वेल्डिंगचा, आणि त्यातही ‘मिग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा.

‘मेटल इनर्ट गॅस’ या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘मिग’ हे नाव बनले आहे. धातूची तार आणि तिच्याभोवती अक्रिय वायूचे आच्छादन, असा त्याचा आशय. मोटारगाड्यांचे सांगाडे, रेल्वेचे डबे, शेतीची अवजारे, पोलादी कपाटे व खुर्च्या अशा असंख्य वस्तूंच्या निर्मितीत ही पद्धत वापरली जाते. ती शिकावयास तुलनेने सोपी आहे. परंतु या सोपेपणातच एक धोका दडलेला आहे. या पद्धतीने काढलेला सांधा वरून अत्यंत सुबक दिसत असूनही आतून जुळलेलाच नाही, असे घडू शकते. असे का घडते व ते कसे ओळखावे, हे समजणे हाच या विद्येचा पाया होय.

२. हवेपासून संरक्षण

विजेचा प्रवाह दोन टोकांमधील फटीतून वाहू लागला म्हणजे तेथे डोळे दिपविणारी ज्योत निर्माण होते. शास्त्रीय ग्रंथांत तिला विद्युत् प्रज्योत म्हणतात. कारखान्यात ‘आर्क’ हाच शब्द रूढ आहे. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानास वितळते. आर्कचे तापमान कित्येक हजार अंश असल्याने तिच्याखाली पोलादाचे लहानसे तळे क्षणार्धात तयार होते. रशियातील निकोलाय बेनार्डोस याने १८८० नंतरच्या दशकात कार्बनच्या कांडीने अशी आर्क पेटवून धातू जोडून दाखविले. पुढे त्याच देशातील स्लाव्यानोव्ह याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. त्यामुळे आर्क पेटविणे आणि सांध्यात भर घालणे ही दोन्ही कामे एकाच कांडीने होऊ लागली.

तथापि एक अडचण उरलीच. वितळलेले पोलाद हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन अधाशीपणाने शोषून घेते. धातू थिजू लागला म्हणजे हे वायू बाहेर पडू पाहतात, आणि त्यांपैकी जे अडकून राहतात त्यांचे बुडबुडे सांध्यात छिद्रांच्या रूपाने कायम राहतात. सांधा ठिसूळही होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग याने कांडीवर विशिष्ट द्रव्यांचा लेप देण्याची युक्ती काढली. लेप जळून त्याचा धूर व मळी यांचे आवरण वितळलेल्या धातूवर पसरते आणि हवा दूर राहते. रस्त्याच्या कडेला खिडक्यांचे गज जोडणारा कारागीर आजही हीच लेपाची कांडी वापरताना दिसतो. उघड्यावरच्या वाऱ्यात ती चांगली टिकते. शिवाय तिला वायूच्या नळकांड्याची गरज नसते.

परंतु कांडी हातभर लांबीची. ती संपली की काम थांबते. सांध्यावरची मळी हातोडीने झडवावी लागते आणि मगच पुढची कांडी लावता येते. ॲल्युमिनियमसारख्या धातूंच्या बाबतीत लेपाचे हे साधन फारसे समाधानकारकही ठरत नाही. तेव्हा हवा दूर ठेवण्यासाठी लेपाऐवजी तयार वायूच सोडला तर? अशा कामास योग्य वायू निसर्गात होताच. रॅले व रॅमसे या शास्त्रज्ञांनी १८९४ साली हवेतून अरगॉन हा वायू वेगळा करून दाखविला होता. तो कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाही. म्हणूनच ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. हवेत त्याचे प्रमाण शेकडा एकाहून किंचित कमी असते.

अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेत १९४८ साली अक्रिय वायूचे आच्छादन आणि रिळावरून सतत पुढे सरकणारी बारीक तार यांची सांगड घालण्यात आली, आणि मिग पद्धतीचा जन्म झाला. प्रारंभी तिचा उपयोग मुख्यतः ॲल्युमिनियमसाठी होई, कारण साध्या पोलादाच्या कामाला हा वायू महाग पडे. १९५३ साली सोव्हिएत रशियातील ल्युबाव्स्की व नोव्होशिलोव्ह यांनी स्वस्त अशा कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या आच्छादनाखाली पोलाद जोडण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि ही पद्धत सर्वसामान्य कारखान्यांच्या आवाक्यात आली. भारतातील अनेक कारखान्यांत कामगार तिला ‘सीओटू वेल्डिंग’ असेच म्हणतात.

येथे एक शंका उद्भवते. कार्बन डाय-ऑक्साइड हा अक्रिय वायू नव्हे. आर्कच्या उष्णतेने त्याचे विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन मिळतात. मग ज्या ऑक्सिजनला बाहेर ठेवावयाचे, तोच आत आला की नाही? आला खरा, पण त्याची सोय तारेत केलेली असते. तारेच्या पोलादात मँगॅनीज व सिलिकॉन ही मूलद्रव्ये बेताच्या प्रमाणात मिसळलेली असतात. ती लोखंडाच्या आधी ऑक्सिजनला गाठतात आणि त्याला घेऊन पृष्ठभागावर तरंगतात. थंड झालेल्या सांध्यावर जे काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात ते या क्रियेचेच अवशेष होत. काटेकोरपणे बोलावयाचे तर क्रियाशील वायू वापरणाऱ्या या प्रकारास ‘मॅग’ असे वेगळे नाव आहे. व्यवहारात मात्र दोहोंनाही मिग म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पोलादासाठी अरगॉन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रणही पुष्कळ वापरले जाते. त्याने शितोडे कमी उडतात.

३. यंत्राची रचना

मिग यंत्राचे मुख्य भाग पाच. पहिला वीजपुरवठ्याचा संच. घरातील किंवा कारखान्यातील विजेचे तो कमी दाबाच्या, पण मोठ्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. दुसरा तारेचे रीळ व ती पुढे ढकलणारे रूळ. तिसरा भाग हातात धरावयाचा ‘टॉर्च’. त्याच्या टोकाशी तांब्याची बारीक भोकाची ‘टिप’ असते. तीमधून जाताना तारेला वीज मिळते. टिपेभोवती ‘नोझल’ नावाची रुंद नळी असते, तीतून वायू बाहेर पडून वितळलेल्या तळ्यावर छत्र धरतो. चौथा भाग वायूचे नळकांडे व त्यावरील रेग्युलेटर. पाचवा भाग परतीची केबल. तिचा चिमटा कामाच्या तुकड्यास घट्ट लावल्याखेरीज विजेचे मंडल पूर्ण होत नाही. गंजावर किंवा रंगावर लावलेला चिमटा हे नवशिक्याच्या कित्येक अडचणींचे मूळ असते.

पोलादाची तार बहुधा ०.८ ते १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. त्याने गंज टळतो व टिपेतून वीज नीट मिळते. भरीव तारेने वेल्डिंग करताना टॉर्च सामान्यतः धन टोकाला जोडतात.

४. यंत्र स्वतःला कसे सावरते

कांडीने काम करणाऱ्या कारागिराला आर्कची लांबी हाताने राखावी लागते. कांडी जळत जाते तसतसा हात खाली आणावा लागतो. हे साधण्यास महिनोन्‌महिने सराव लागतो. मिग यंत्रात हे काम वीजच करते. ते कसे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, तार मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १० सेंटिमीटर या वेगाने पुढे येत आहे आणि तितक्याच वेगाने वितळत आहे. अशा वेळी आर्कची लांबी स्थिर राहते. ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस मिलिमीटर भरते. या हिशेबाने मिनिटाला सुमारे २४ ग्रॅम पोलाद सांध्यात पडते. आता काही कारणाने आर्क एका मिलिमीटरने लांबली. यंत्र विजेचा दाब जवळजवळ स्थिर ठेवते; त्यामुळे लांब आर्कमधून प्रवाह कमी वाहतो. प्रवाह घटला की तार सावकाश वितळते. समजा, सेकंदाला ९ सेंटिमीटर. परंतु तार येत आहे १० सेंटिमीटर. म्हणजे तारेचे टोक सेकंदाला १ सेंटिमीटर या गतीने पुढे सरकू लागते, आणि एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या सुमारास गेलेला मिलिमीटर भरून निघतो. आर्क आखूड झाली तर याच्या उलट घडते. प्रवाह वाढतो, तार झपाट्याने वितळते आणि आर्क पूर्ववत होते.

अशा रीतीने यंत्र आर्कला आपोआप सावरते. परंतु वाचकाने येथे थोडे थांबून विचार करावा. हात मागे गेला, टॉर्च कामापासून दूर झाला, तेव्हा यंत्राने आर्क राखली खरी. पण टिपेबाहेर आलेल्या तारेची लांबी वाढली. लांब तारेचा विद्युत् रोध अधिक, म्हणून प्रवाह कमीच राहिला. तार मात्र पूर्वीच्याच वेगाने येत आहे आणि वितळत आहे. म्हणजे सांध्यावर पडणारा धातू तितकाच, पण खालील पत्रा वितळविणारी उष्णता कमी! अशा वेळी वितळलेला धातू थंड पत्र्यावर नुसता पसरतो. वर सुरेख वळी उमटते; खाली दोन्ही तुकडे वेगळेच राहतात. कांडीच्या कामात अशी चूक झाली तर आर्क बहुधा विझते आणि कारागिराला तत्काळ इशारा मिळतो. मिगमध्ये तसा इशारा मिळत नाही. सुबक पण पोकळ सांध्याचे मूळ ते येथे.

५. धातू तारेवरून तळ्यात कसा जातो

कमी दाबाच्या व कमी प्रवाहाच्या कामात तारेचे टोक प्रत्यक्ष तळ्याला टेकते. क्षणभर आर्क विझते, प्रवाह उसळतो, टोक वितळून तुटते आणि आर्क पुन्हा पेटते. ही क्रिया सेकंदाला वीस ते दोनशे वेळा घडते. फोडणीत मोहरी एकसारखी तडतडावी तसा तिचा आवाज येतो, आणि अनुभवी कारागीर यंत्राची जुळणी या आवाजावरूनच ओळखतो. यात उष्णता बेताची असल्याने पातळ पत्र्यास आणि उभ्या किंवा डोक्यावरच्या सांध्यास हा प्रकार सोयीचा. जाड पत्र्यास मात्र तो अपुरा पडतो.

अरगॉनचे प्रमाण अधिक असलेल्या वायूत प्रवाह एका ठराविक मर्यादेपलीकडे नेला, तर तारेच्या टोकावरून अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा सुरू होतो. आवाज सौम्य होतो, शितोडे जवळजवळ थांबतात आणि उष्णता खोलवर पोचते. जाड पोलादी पत्र्याच्या आडव्या सांध्यास हा प्रकार उत्तम. उभ्या सांध्यात मात्र वितळलेले पोलाद खाली ओघळते.

६. टॉर्च हाती घेण्यापूर्वी

आर्कमधून बाहेर पडणारे जंबुपार किरण डोळ्यांस दिसत नाहीत. ते क्षणभर लागले तरी त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. यास्तव दहा किंवा अकरा क्रमांकाच्या गडद काचेचा मुखवटा अत्यावश्यक आहे. साधा काळा चष्मा मुळीच चालत नाही. वेल्डिंग पाहण्यास मुले घोळक्याने उभी राहतात. त्यांना आडोशाने दूर ठेवणे ही काम करणाऱ्याचीच जबाबदारी होय. अंगभर सुती कपडे, चामड्याचे हातमोजे व बूट वापरावेत. नायलॉनचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

धूर तितकाच महत्त्वाचा. वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. म्हणून सांध्यालगतचा मुलामा आधी घासून काढावा. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेला तुकडा आर्कजवळ आणू नये. त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो. आच्छादनाचे वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात किंवा टाकीत साचतात, आणि तेथील माणूस काही कळण्याच्या आत गुदमरतो. पेट्रोल, रॉकेल वा तेल ठेवलेले पिंप रिकामे दिसले तरी त्यावर आर्क पेटविणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय.

७. प्रारंभीचा सराव

प्रथम ३ मिलिमीटर जाडीचे साध्या पोलादाचे तुकडे घ्यावेत. गंज, रंग व तेल काढून कडा चकचकीत होईपर्यंत घासाव्यात. प्रवाहाचा ढोबळ हिशेब असा की, पातळ पत्र्याच्या दर मिलिमीटर जाडीस सुमारे ४० अँपिअर. म्हणजे येथे १२० अँपिअरच्या आसपास. ०.८ मिलिमीटरची तार व मिश्र वायू असता दाब १८ ते १९ व्होल्ट ठेवून पाहावा. मिग यंत्रात प्रवाह प्रामुख्याने तारेच्या वेगाने कमी-अधिक होतो. वेग वाढवला की प्रवाह वाढतो. वायू मिनिटाला १० ते १५ लिटर पुरेसा होतो. तो फाजील सोडला तर झोतात भोवरे उठून उलट हवाच आत ओढली जाते. उन्हाळ्यात अंगावर पंखा घेऊन काम करण्याचा मोह होतो. परंतु त्या वाऱ्याने वायूचे छत्र उडून जाते आणि सांध्यात छिद्रे पडतात.

टिपेपासून कामापर्यंत सुमारे १० मिलिमीटर अंतर राखावे. टॉर्च उभ्या रेषेपासून १० ते १५ अंश कलता धरावा आणि दोन्ही हातांस आधार घ्यावा. नजर झगमगत्या आर्कवर न ठेवता तिच्यामागील तळ्याच्या कडेवर ठेवावी. तळ्याचा काठ दोन्ही तुकड्यांना भिजवीत पुढे जात आहे किंवा नाही, हे पाहणे म्हणजेच वेल्डिंग करणे. प्रथम सपाट पत्र्यावर नुसत्या सरळ वळ्या काढाव्यात. त्या एकसारख्या येऊ लागल्यावरच दोन तुकडे जोडावयास घ्यावेत.

दोष उद्भवल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलावी. छिद्रे दिसली तर वायू, वारा आणि पत्र्याची स्वच्छता तपासावी. तार टॉर्चला धक्के देत असेल, तर तिचा वेग दाबाच्या मानाने अधिक आहे. तार टिपेपर्यंत जळत येत असेल, तर वेग कमी आहे. पत्र्याला भोक पडत असेल, तर उष्णता जास्त होत आहे. वळी उंच, अरुंद आणि पत्र्यावर ठेवल्यासारखी दिसत असेल, तर उष्णता अपुरी पडली आहे, असे समजावे.

८. सांध्याची परीक्षा

सांधा डोळ्यांनी पूर्णपणे पारखता येत नाही. म्हणून नवशिक्याने आपला सांधा स्वतःच मोडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. एक तुकडा आडवा व दुसरा त्यावर उभा ठेवून एकाच बाजूने वेल्डिंग करावे. गार झाल्यावर आडवा तुकडा व्हाइसमध्ये पकडावा आणि उभा तुकडा हातोडीने सांध्याच्या बाजूस वाकवीत जावे. सांधा न तुटता तुकडाच वाकला तर उत्तम. तुटला तर मोडलेला भाग निरखावा. कोपऱ्यात पत्र्याची मूळ कड जशीच्या तशी, सरळ व न वितळलेली दिसली, तर तेथे जोड झालाच नव्हता हे सिद्ध होते. शंभर सुबक वळ्यांपेक्षा असे दहा मोडलेले सांधे अधिक शिकवून जातात.

या काटेकोरपणाची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण उत्तर समुद्रात घडले. तेथील एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर किलँड’ नावाची पाच पायांची तरंगती वसाहत होती. २७ मार्च १९८० च्या सायंकाळी वादळात तिचा एक पाय निखळला आणि ती उलटली. तिच्यावरील २१२ जणांपैकी १२३ जण मृत्युमुखी पडले. पायास आधार देणाऱ्या एका पोलादी नळीवर ध्वनिग्राहक यंत्र बसविण्यासाठी एक साधे कडे जोडलेले होते. ते भार पेलणारे नसल्याने त्याच्या सांध्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नव्हते. चौकशीत आढळले की, त्या अवघ्या ६ मिलिमीटरच्या सदोष सांध्यापासून तडा सुरू झाला आणि लाटांच्या सततच्या हेलकाव्यांनी तो पुढे सरकत जाऊन अखेर ती नळीच तुटली. वेल्डिंगची पद्धत कोणतीही असो, धातू एकसंध झाल्यावर त्यातील तडाही विनाअडथळा प्रवास करतो. म्हणून एकंदर रचनेत गौण वाटणारा सांधाही गौण मानता येत नाही.

मद्रासजवळ पेरांबूर येथे १९५५ साली सुरू झालेल्या कारखान्यात रेल्वेचे संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले पोलादी डबे तयार होऊ लागले, तेव्हापासून लक्षावधी प्रवासी रोज कोणा ना कोणा अनोळखी वेल्डरच्या सांध्यांवर विसंबून प्रवास करीत आले आहेत. ज्या विद्यार्थ्यांना हा विषय पुढे शिकावयाचा असेल, त्यांना देशभरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तेथे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीच पहिली आर्क पेटवावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कार्बन डाय-ऑक्साइडच्या आच्छादनाखाली वापरावयाच्या तारेत मँगॅनीज व सिलिकॉन का मिसळतात?
२. तार मिनिटाला ६ मीटरऐवजी ९ मीटर वेगाने सोडली, तर मिनिटाला अंदाजे किती ग्रॅम पोलाद सांध्यात पडेल?
३. टॉर्च कामापासून दूर गेल्यास आर्क विझत नाही, तरीही सांधा कमकुवत होतो. याचे कारण स्पष्ट करा.
४. उघड्या मैदानात काम करणारा कारागीर लेपाची कांडी का पसंत करतो?